चिखलात राखलेला जीव

झिंबाब्वेच्या आग्नेय टोकाला, मोझांबिकच्या सीमेला लागून, गोनारेझू नावाचं रान आहे. नावाचा अर्थच हत्तींचं ठिकाण. १९६० चं दशक सरत आलं होतं आणि देशाला अजून ऱ्होडेशिया म्हणत होते. त्या दिवसांत रिचर्ड फर्झर या माणसानं एका सोबत्यासह तिथल्या उथळ तळ्यातून काही मासे धरले. तळं पावसाळ्यापुरतं. एरवी तिथं नुसता वाळलेला खळगा. मासे मात्र डोळे दिपवणारे निघाले. नर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचे, निळसर-हिरव्या खवल्यांना तांबूस किनार, शेपटीवर पिवळा पट्टा. माद्या फिकट, मातकट. १९७१ साली दक्षिण आफ्रिकेतले मत्स्यतज्ज्ञ रेक्स जब यांनी या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि पकडणाऱ्याच्या नावावरून त्याला नाव दिलं: नोथोब्रँकियस फर्झरी. हे वर्णन छापून आलं ते हौशी मत्स्यपालकांच्या, अमेरिकन किलीफिश असोसिएशनच्या नियतकालिकात. पुढच्या अर्धशतकात जे घडलं ते समजून घ्यायला हा तपशील फार उपयोगी पडतो.

किलीफिश या नावात मारण्याचा काही संबंध नाही. डच भाषेत ओढ्याला ‘किल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. या कुळांतले सगळेच मासे हंगामी नसतात. आपल्याकडच्या ओढ्यांत, भातखाचरांत आणि विहिरींत डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला जो लहान मासा पृष्ठभागालगत फिरताना दिसतो, तो अ‍ॅप्लोकायलसही किलीफिशच, पण बारमाही पाण्यातला. पावसाच्या डबक्यात जन्मून त्याच डबक्यात मरणारे किलीफिश भारतात नाहीत. ते आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहेत.

त्यांची ओळख तशी जुनी. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स १८४० च्या दशकात मोझांबिकमध्ये हिंडले आणि तिथून आणलेल्या अशाच एका माशाचं वर्णन त्यांनी १८४४ साली केलं. नोथोब्रँकियस हे वंशाचं नावही पुढे १८६८ मध्ये त्यांनीच दिलं. अर्जेंटिनातली एक जात १८८१ पासून नोंदलेली आहे. पण हे मासे वर्षाच्या पिकासारखे जगतात, म्हणजे एका पावसात उगवतात, बी टाकतात आणि जातात, हे नीट मांडायला १९५२ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतले जॉर्ज मायर्स यांनी त्या साली ‘वार्षिक मासे’ अशा शीर्षकाचा लेख लिहिला, तोही हौशी पालकांच्याच एका मासिकात. वनस्पतीशास्त्रातला शब्द त्यांनी माशाला लावला आणि तो चपखल बसला.

फर्झरच्या तळ्यातल्या माशांचं पुढे काय झालं, हा या साऱ्या हकिगतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. ते मासे हौशी लोकांनी जगवले. पद्धत साधी आहे. टाकीच्या तळाशी पीटचा, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या भुशाचा थर द्यायचा. जोडी त्यात अंगं घुसवून अंडी घालते. मग तो भुसा काढायचा, पिळायचा, तंबाखूइतपत ओलसर राहील एवढा वाळवायचा, पिशवीत भरून वर तारीख घालायची आणि फडताळात ठेवून द्यायचा. काही महिन्यांनी तो पाण्यात टाकला की पिल्लं बाहेर येतात. अशा पिशव्या टपालानं एका देशातून दुसऱ्या देशात जात. ज्या माशाचं आयुष्य तीन महिन्यांचं, त्याची गोनारेझूची मूळ पैदास तीस वर्षांहून अधिक काळ अशीच हातोहात टिकली. कोणी संस्था नाही, अनुदान नाही. पिशवीवरची तारीख विसरायची नाही, एवढं एकच पथ्य. ते कुणीतरी प्रत्येक पिढीला पाळलं.

अंडं इतकं टिकतं कसं, याचा उलगडा १९७२ साली झाला. जॉन वूर्म्स यांनी दक्षिण अमेरिकेतल्या वार्षिक माशांच्या अंड्यांवर एकामागोमाग शोधनिबंध लिहून दाखवलं, की गर्भ वाढता वाढता तीन ठिकाणी थांबू शकतो. या थांबण्याला शास्त्रात डायपॉज म्हणतात. पहिला थांबा तर विलक्षणच. एरवी माशाच्या गर्भाच्या पेशी एकमेकींना धरून आकार घेतात. इथं त्या बलकावर सुट्या सुट्या पसरतात आणि तशाच राहतात. गर्भ म्हणावा असं काहीच दिसत नाही, फक्त पांगलेल्या पेशी. त्या पुन्हा जमतात तेव्हा मासा घडायला लागतो. दुसरा थांबा डोळे, पाठीचा कणा आणि हृदय यांची जुळणी झाल्यावर येतो. हृदय धडधडू लागलेलं असतं आणि ते मंदावत जातं. तिसऱ्या थांब्यावर पूर्ण घडलेलं पिल्लू अंड्याच्या कवचात वेटोळं करून बसलेलं असतं. त्याला फक्त पाणी हवं असतं. पाणी मिळालं की काही तासांत ते बाहेर येतं.

यात शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल अशी एक गोष्ट आहे. सगळी अंडी प्रत्येक थांब्यावर सारखीच थांबत नाहीत. काही दुसरा थांबा ओलांडून लवकर तयार होतात, काही महिनोन्‌महिने तिथंच राहतात. पहिला पाऊस फसवा निघाला, डबकं भरून आठवड्यात आटलं, तर निघालेली पिल्लं जातात. पण मातीत बी शिल्लक असतं. दुबार पेरणीचं संकट या माशानं असं बियाणं मागं राखून टाळलं आहे.

मातीही कुठलीही चालत नाही. ब्रायन वॉटर्स हे व्यवसायानं भूगर्भशास्त्रज्ञ आणि छंदानं किलीफिशवाले. आफ्रिकेतली शेकडो डबकी पाहून त्यांनी हे मांडलं, की नोथोब्रँकियस तिथंच सापडतो जिथं तळाशी गडद, फुगणारी चिकणमाती असते. ओली झाली की फुगून पाणी धरणारी आणि वाळली की भेगा पडणारी. मराठवाड्यातल्या काळ्या रानातून मे महिन्यात चाललेल्या माणसाला ती माती वेगळी समजावून सांगायला नको. आपली काळी कसदार जमीनही याच जातकुळीच्या चिकणमातीची. अशा मातीच्या थरात ही अंडी कोरडा काळ काढतात. दक्षिण अमेरिकेतल्या एका वार्षिक किलीफिशचे थांबलेले गर्भ ऑक्सिजनशिवाय ६० दिवसांहून जास्त जगतात, हे जेसन पॉड्राब्स्की यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं आहे. उबदार तापमानात पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्या प्राण्याला हे साधल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

पण विज्ञानाचं लक्ष बराच काळ अंड्यावर नव्हतं. ते होतं म्हातारपणावर. १९६० आणि १९७० च्या दशकांत लॉस एंजेलिसमध्ये रॉय वॉलफोर्ड आणि त्यांचे सहकारी लिऊ यांनी दक्षिण अमेरिकी वार्षिक माशांना थोड्या थंड पाण्यात ठेवलं आणि त्यांचं आयुष्य वाढलेलं पाहिलं. त्याच सुमारास झांझिबारच्या नोथोब्रँकियस गुंथरीवरही वार्धक्याचे अभ्यास झाले. मग हा विषय मागे पडला. माशी, कृमी आणि उंदीर यांनी प्रयोगशाळा भरून गेल्या.

२००३ साली इटलीतले स्टेफानो वाल्देसालिची आणि अ‍ॅलेसान्द्रो चेलेरिनो यांनी गोनारेझूच्या त्या जुन्या पैदाशीचं आयुष्य मोजलं. निम्मे मासे नऊ आठवड्यांत गेले, बारा आठवडे कोणी पार केले नाहीत. बंदिवासात वाढवता येणाऱ्या कुठल्याही पृष्ठवंशी प्राण्याचं इतकं लहान आयुष्य तोवर नोंदलेलं नव्हतं. आणि हे नुसतं मरणं नव्हतं. मासे खरोखर म्हातारे होत होते. रंग उडायचा, पाठ वाकायची, शिकण्याची क्षमता कमी व्हायची, गाठी यायच्या. माणसाच्या सत्तर-ऐंशी वर्षांत होतं ते दोन-अडीच महिन्यांत उलगडताना दिसू लागलं. २००४ मध्ये मोझांबिकमधून नव्या पैदाशी आणल्या गेल्या. त्या सहा महिने आणि त्याहून जास्त जगल्या. एकाच जातीत इतका फरक का, हा प्रश्न पुढची अनेक वर्षं पुरला. आतल्या, कोरड्या भागातले मासे लवकर म्हातारे होतात आणि किनाऱ्याकडच्या जास्त पावसाच्या भागातले उशिरा, असं त्याचं उत्तर हळूहळू आकाराला आलं. पाऊस जितका कमी, तितकं आयुष्य आखूड.

त्यानंतरची दोन दशकं वेगात गेली. २००६ मध्ये दारियो वालेन्झानो आणि सहकाऱ्यांनी द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रोलनं या माशाचं आयुष्य वाढवून दाखवलं आणि जगभर बातम्या झाल्या. साधा आहार घेणाऱ्या उंदरांत पुढे तसा परिणाम दिसला नाही, तेव्हा बातम्या थांबल्या. २०१५ च्या डिसेंबरात स्टॅनफर्ड आणि जर्मनीतल्या येना इथल्या गटांनी या माशाचा जनुकसंच वेगवेगळा प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये तरुण माशांच्या आतड्यातले जिवाणू मध्यमवयीन माशांना दिल्यावर ते जास्त जगल्याचं दिसलं. यातला प्रत्येक प्रयोग महत्त्वाचा आहे, पण एकाचीही डबक्याशी गाठ नव्हती. मासा टाकीत होता आणि प्रश्न माणसाचा होता.

म्हणून मला चेक संशोधक मार्टिन राइखार्ड यांच्या गटाचं काम अधिक जवळचं वाटतं. ते मोझांबिकच्या डबक्यांत उतरले. माशाच्या कानातल्या खड्यावर रोज एक वलय चढतं. ती वलयं मोजून त्यांनी दाखवलं, की एका डबक्यातले बहुतेक सगळे मासे थोड्याच दिवसांच्या अंतरानं जन्मलेले असतात, म्हणजे पाणी भरलं तेव्हाचे. २०१८ मध्ये त्यांनी मांडलेली नोंद तर पुन्हा पुन्हा वाचावी अशी. निसर्गातला फर्झरी अंड्यातून निघाल्यावर १४ दिवसांत प्रजननाला तयार होतो. पाच मिलिमीटरचं पिल्लू दोन आठवड्यांत पाच सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतं. प्रयोगशाळेतल्या माशांना यासाठी कितीतरी जास्त दिवस लागत होते. टाकीत पन्नास वर्षं पाहिलेला मासा डबक्यात पाहिला तेव्हाच त्याची खरी घाई कळली.

अंड्याकडे लक्ष परतलं ते २०२० मध्ये. स्टॅनफर्डच्या अ‍ॅन ब्रुनेट यांच्या गटानं तपासलं, की थांब्यात घालवलेल्या काळाची किंमत मासा पुढे मोजतो का. नाही मोजत. कित्येक महिने थांबलेल्या गर्भातून निघालेला मासा न थांबलेल्याइतकाच वाढतो, तितकीच अंडी देतो, तितकाच जगतो. ज्या प्राण्याला आपण म्हातारपणाचा नमुना म्हणून वाढवलं, तो आयुष्याच्या आधीचा काळ म्हातारा न होता काढतो. २०२४ मध्ये परम प्रिया सिंग आणि सहकाऱ्यांनी याचं मूळ शोधलं. थांबण्याची ही रीत आली दोन कोटी वर्षांच्या आतली, पण तिला लागणाऱ्या जनुकांच्या जोड्या ४७ कोटी वर्षांहून जुन्या. घरातलीच जुनी भांडी नव्या कामाला लावावीत, तसं.

इतकं सगळं कळलं, तेवढ्या काळात डबक्यांचं काय झालं? फर्झरीचं त्यातल्या त्यात बरं आहे, कारण त्याच्या टापूचा काही भाग राखीव रानात मोडतो. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या भाईबंदांचं तसं नाही. ब्राझीलमधल्या गोड्या पाण्यातल्या धोक्यात आलेल्या माशांत हंगामी किलीफिशच्या कुळाइतका मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याच कुळाचा नाही. कित्येक जाती एखाद-दोन पाणथळ जागांपुरत्याच उरल्या आहेत. त्यांना कोणी मुद्दाम मारत नाही. भातशेतीसाठी पाणथळ निचरून टाकली जाते, वस्तीसाठी भराव पडतो, रस्ता येतो. आणि हे बहुधा कोरड्या महिन्यांत होतं, जेव्हा तिथं पाहणाऱ्याला रिकामी जमीन दिसते. मासा नाही, पाणी नाही, मग हरकत कोण घेणार? अंडी मात्र तिथंच असतात, वीतभर मातीखाली.

एका डबक्यातली अंडी संपली तर दुसरीकडून ती येण्याची वाट अरुंद आहे. मोठे पूर डबकी जोडतात, तेवढंच. २०१९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी राजहंसासारख्या पाणपक्ष्यांना किलीफिशची अंडी खाऊ घालून पाहिली. शंभरातलं एखादंच विष्ठेतून शाबूत बाहेर आलं आणि एकातून पिल्लूही निघालं. वाट आहे, पण निचरून टाकलेली पाणथळ तिनं पुन्हा भरत नाही.

आपल्या कोकणच्या सड्यांवर आणि सह्याद्रीच्या पठारांवरही जूनमध्ये अशीच उथळ डबकी भरतात. त्यात किलीफिश नसतात, पण फेअरी श्रिम्प असतात. पाठीवर पोहणारे, काचेसारखे पारदर्शक, बोटाच्या पेराएवढे जीव. आफ्रिकेतल्या डबक्यांत नोथोब्रँकियसला हे आयतं खाद्य मिळतं. यांचीही अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून असतात. त्यातल्या एका जातीला २०१४ साली ‘सह्याद्रिएन्सिस’ हे नाव मिळालं, म्हणजे आपल्या डोंगरांवरच्या डबक्यांतल्या या जीवांना अजून नावं देणं चालू आहे. तुमच्या गावच्या सड्यावरचा एखादा खळगा भर उन्हाळ्यात कोरडा दिसला आणि तिथं माती टाकून सपाट करायचं ठरत असेल, तर एक पावसाळा थांबायला सांगा, आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन त्यात वाकून बघा.