आत्याची पहाट, लंडनची रात्र

लंडन, जानेवारी

इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की व्हॉट्सअ‍ॅपवर मासवणची आत्या ‘ऑनलाइन’ दिसते. हिवाळ्यात तुम्ही आमच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तिच्याकडे पहाटेचे तीन. दुधात जायफळ उगाळून झालं, तळपायांना तेल चोळून झालं. ‘झोपेची गोळी बंद केली की पुन्हा तेच,’ ती म्हणते.

इथल्या डॉक्टरांना जुनाट निद्रानाशावर गोळीआधी बोलण्याचा उपचार सुचवायला सांगितलेलं आहे. त्याचं नाव सीबीटी-आय. मला वाटलं होतं, कुणीतरी मायेने समजूत घालत असेल. निघाला चोख हिशेब! आधी झोपेची डायरी लिहायची. आठ तास अंथरुणात पडून साडेपाचच तास डोळा लागत असेल, तर अंथरूणही साडेपाच तासांचंच. सहाला उठायचं असेल, तर साडेबाराआधी पाठ टेकायची नाही. झोप येईना तर तळमळत न पडता उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. सुरुवातीला माणूस दिवसभर पेंगतो. (बोईसरला रात्रपाळी करणाऱ्या आतेभावाने हे परस्पर करू नये, यंत्रापुढे पेंग परवडत नाही.)

झोप उडणं हे नैराश्याचं लक्षण, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती आधी उडते, मन नंतर खचतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने साठीपुढच्या, निद्रानाश असलेल्या पण नैराश्य नसलेल्या २९१ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. निष्कर्ष २०२१ साली आले. झोपेबद्दल नुसती माहिती मिळालेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांना नैराश्याने गाठलं, सीबीटी-आय घेतलेल्यांपैकी १२ टक्क्यांना.

इंग्लंडच्या सरकारी ‘टॉकिंग थेरपीज’मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून नाव नोंदवता येतं. पण ती सेवा नैराश्य आणि चिंतेसाठी. म्हणजे जे टाळायचं, ते आधी व्हायला हवं! नुसती झोप उडालेल्यांसाठी ‘स्लीपिओ’ नावाचं अ‍ॅप आहे. ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये त्याची शिफारस केली. त्यात कार्टूनमधला प्राध्यापक शिकवतो, अर्थात इंग्रजीत.

आत्याला तो काय कामाचा? तिला १४४१६ नंबर दिला. टेलि-मानस, भारत सरकारची मोफत हेल्पलाइन, मराठीतही बोलतात.

‘तीन वाजता कोण उचलणार?’

‘चोवीस तास चालू असते.’

‘अगं बाई! मग ती माणसं झोपतात कधी?’