पावसाचें माप

गेल्या पावसाळ्यांत आमच्या सातवीच्या वर्गानें पाऊस मोजण्याचा एक लहानसा प्रयोग केला. त्यांत मुलें शास्त्र शिकलीं, हें तर खरेंच. परंतु त्याहून मोलाचें असें कांहीं तीं शिकलीं, आणि त्यांच्याबरोबर आम्हीहि शिकलों. तें विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या कानीं घालावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रयोग सोपा आहे. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांत सांचलेल्या पाण्याची उंची पट्टीनें मोजावी. डब्याचें तोंड लहान असो वा मोठें, बाजू सरळ असल्या म्हणजे उंची सारखीच येते. ती १० मिलिमीटर भरली, तर एक एकर शेतावर सुमारें ४०,००० लिटर पाणी पडलें असें समजावें. हळद व सोयाबीन पिकविणाऱ्या आमच्या हिंगोली जिल्ह्यांत या आंकड्याचें महत्त्व कोणास सांगावयास नको.

वर्गाचे सहा गट करून प्रत्येक गटाचा डबा एकेका मुलाच्या घरीं ठेविला. एके दिवशीं पांच गटांचीं मापें जवळजवळ जुळलीं; सहाव्याचें मात्र निम्म्याहूनहि कमी! लागलीच कुजबुज सुरू झाली, “यानें मोजलेंच नाहीं, मनानेंच आंकडा लिहिला.” तो मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. त्याच्या वहींतील आंकडा खोडण्यास आमचाहि हात पुढें झाला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. इतक्यांत एका मुलीनें विचारलें, “सर, त्याचा डबा आपण पाहिला आहे कां?”

सायंकाळीं आम्ही सारे त्याच्या घरीं गेलों. वस्ती दाटीची, अंगण हातभर. मोकळी जागाच नसल्यामुळें त्यानें डबा कडुलिंबाखालीं ठेविला होता. झाड वा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर डबा असावा, हा नियम आम्हीं वर्गांत सांगितला होता. पण तेवढी जागा प्रत्येकाच्या घरीं आहे कीं नाहीं, हें विचारलें नव्हतें. मुलानें माप खरेंच लिहिलें होतें. चूक आमची होती.

दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली. मुलांनीं डबा जवळच्या शेताच्या बांधावर नेला, आणि पावसांत तेथवर एकट्यासच जावें लागूं नये म्हणून आपसांत पाळ्या लावून घेतल्या. जुना आंकडा मात्र कोणीं खोडला नाहीं. त्यापुढें ‘डबा झाडाखालीं होता’ एवढेंच लिहिलें.

मोठ्या शास्त्राची रीतहि हीच आहे. आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ दुधाळा येथें गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं मंजुरी दिली. अमेरिकेंत अशा दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारें ३,००० किलोमीटर दूर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोहोंनींहि एकच लहर टिपली. तरी शास्त्रज्ञांनीं कित्येक महिने पडताळा पाहिला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें ती वार्ता जगास सांगितली. त्या निबंधावर एक हजाराहून अधिक जणांचीं नांवें आहेत. एकानें पाहावें, दुसऱ्यानें ताडून घ्यावें, आणि श्रेय सर्वांनीं वांटून घ्यावें, हेंच त्यांतील मर्म.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या मुलाचा आंकडा इतरांहून निराळा आला, तर रागें भरण्यापूर्वीं त्याचा डबा कोठें ठेविला आहे, तें एकदां पाहून यावें.