कळ अडवू नका, संख्या तपासा

तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधी द्रव्ये, रंग आणि रसायने बनवणारे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्याच्या तपासणीत दशांशचिन्हाला फार मोल आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची (रासायनिक ऑक्सिजन मागणीची) सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. ९८.५ हा निकाल ९८५ असा नोंदला गेला, तर मर्यादेत असलेले पाणी जवळजवळ चौपट दोषी ठरते. म्हणून असे निकाल जिथे हाताने संगणकात भरले जातात, तिथे रकान्यात दशांश संख्याच जावी ही अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करण्याची रूढ रीत मात्र चुकीची आहे.

रूढ रीत अशी: प्रत्येक कळ दाबली की अक्षर पाहायचे, आकडा किंवा टिंब असेल तर घ्यायचे, बाकीचे गुपचूप टाकून द्यायचे. पण माऊसने चिकटवलेला मजकूर या पहाऱ्याला चुकवून आत येतो, शिवाय ९८.५.२ मधले प्रत्येक अक्षर चालण्याजोगे असले तरी ती संख्या नव्हे. सगळ्यात घातक आहे ते गुपचूप टाकणे. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तिथल्या पद्धतीचा अहवाल पाहून कोणी ९८,५ टाइप केले की स्वल्पविराम गळतो आणि ९८५ उरते. म्हणून तपासायचा तो बदलानंतरचा पूर्ण मजकूर. जावाच्या स्विंगमधला डॉक्युमेंटफिल्टर टाइप केलेले आणि चिकटवलेले दोन्ही पाहू शकतो. क्यूटीचा डबलव्हॅलिडेटर त्याहून शहाणा: बरोबर आणि चूक यांच्यामध्ये तो ‘अपुरे’ ही तिसरी अवस्था मानतो. रिकामा रकाना किंवा नुसते उणे चिन्ह म्हणजे चूक नव्हे, माणूस अजून लिहितो आहे.

कळा न अडवता रात्रपाळीतल्या माणसाला इतकी मोकळीक दिली तर चुका वाढतील, असा आक्षेप येतो. पण ‘जतन करा’ दाबताना शेवटची तपासणी असतेच, आणि पीएचच्या रकान्यात ७२ भरले तर तेव्हा थांबवणारी मर्यादाही तिथेच घालता येते; कळा अडवून ७२ कधीच अडत नाही. आणि ‘५ पेक्षा कमी’ हा प्रयोगशाळेचा खरा निकाल आहे. त्याला वेगळी जागा दिली नाही, तर माणूस शून्य लिहील, आणि ते खोटे असेल. मराठी कळफलकाचाही विचार हवा: डॉटनेटमध्ये आकडा ओळखणारा पॅटर्न ‘७’ला मान्यता देतो, पण पुढे संख्येत रूपांतर करताना तोच ‘७’ नाकारला जातो. तारापूर वसाहतीलगतच्या बोईसरमधल्या प्रयोगशाळेसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तो सोपवण्याआधी स्वल्पविराम असलेली संख्या, देवनागरी आकडे आणि चिकटवलेला मजकूर, तिन्ही त्यात भरून पाहावेत.