जाम झालेले इंजिन : जुन्या साखळी-करवतीच्या पुनरुज्जीवनात निदानाचे स्थान

बीजशब्द : साखळी-करवत, टू-स्ट्रोक इंजिन, पिस्टन, गंज, वंगण, विरळ मिश्रण

प्रस्तावना :

वृक्षतोडीसाठी व ओंडके कापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साखळी-करवतीला, बोलीत जिला चेन सॉ म्हणतात, सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. जर्मनीत आन्द्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत तयार केली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोल्मार या डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचे प्रात्यक्षिक केले. प्रारंभीची ही यंत्रे चालविण्यास दोन माणसे लागत. श्टील कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणलेल्या 'कोन्ट्रा' या करवतीत मात्र दातेरी चक्रांची पेटी काढून टाकलेली होती व साखळी थेट इंजिनच्या दांड्यावरून फिरत असे. १०६ घन सेंटिमीटर क्षमतेचे, सहा अश्वशक्तीचे आणि सुमारे १२ किलो वजनाचे हे यंत्र एका माणसाच्या हाती आले. उत्तर अमेरिकेत ते 'लाइटनिंग' या नावाने विकले गेले.

या पिढीतील करवती आज युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे व जुन्या कोठारांत आढळतात. त्यांपैकी अनेकींची दोरी ओढली असता ती हलतच नाही. इंजिन जाम झालेले असते. ते मोकळे कसे करावे हा प्रश्न सहसा बळाचा किंवा एखाद्या गुणकारी तेलाचा समजला जातो. वस्तुतः जाम होणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग न ओळखता मोकळे केलेले इंजिन पहिल्याच वापरात पुन्हा जाम होऊ शकते, आणि त्या वेळी बहुधा कायमचे. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचा सिलिंडर पुन्हा मिळणे दुरापास्त असल्याने ही चूक महागात पडते. प्रस्तुत लेखात या निदानप्रक्रियेचे विवेचन केले आहे.

टू-स्ट्रोक इंजिनची प्रकृती :

महाराष्ट्रातील वाचकास हे इंजिन अपरिचित नाही. लूना व जुनी चेतक स्कूटर याच तत्त्वावर चालत असत, आणि पेट्रोलपंपावर पेट्रोलात 'टू-टी ऑईल' मिसळून घेण्याची सवय एका संपूर्ण पिढीला होती. या इंजिनात वंगणासाठी तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेले तेल मिश्रणाबरोबर प्रथम क्रँककेसमध्ये येते, तेथील बेअरिंगना भिजवते आणि मग सिलिंडरमध्ये जाते. याचाच अर्थ असा की इंधन कमी पडले की तेलही त्याच प्रमाणात कमी पडते. शिवाय मिश्रण विरळ असेल, म्हणजे त्यात हवा जास्त व इंधन कमी असेल, तर तापमानही वाढते. उष्णता वाढणे आणि वंगण घटणे या दोन आपत्ती एकाच वेळी ओढवतात.

साठ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन शंभर अंश सेल्सिअसने तापला की त्याचा व्यास सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढतो. सिलिंडरही तापतो, परंतु त्याला बाहेरून पंख्याची हवा मिळते. पिस्टनला तशी सवलत नाही. मधली फट संपली की पिस्टनचा मऊ धातू भिंतीला घासून तिच्यावर लिंपला जातो.

दोन प्रकारचे जाम :

पहिला प्रकार उभ्या-उभ्या झालेला जाम. यंत्र वर्षानुवर्षे दमट जागी पडून राहते, पाणी आत शिरते आणि गंज चढतो. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. त्या काळातील अनेक करवतींचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून आतून त्यावर कठीण क्रोमचा पातळ थर दिलेला असे. क्रोमला तांबडा गंज येत नाही. गंजतात त्या बिडाच्या पिस्टन-रिंगा आणि पोलादी बेअरिंग. बिडाचे अस्तर असलेल्या सिलिंडरमध्ये मात्र भिंतच गंजते.

दुसरा प्रकार चालता-चालता झालेला जाम. यात गंज नसतो. असतात ते पिस्टनवरील उभे ओरखडे व भिंतीवर चिकटलेले ॲल्युमिनियम. सायलेन्सर काढून एग्झॉस्टच्या छिद्रातून विजेरीच्या प्रकाशात पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर समोर येते. एग्झॉस्टच्या बाजूस ओरखडे असतील तर अतिउष्णतेचा किंवा विरळ मिश्रणाचा संशय घ्यावा. झीज इनटेकच्या बाजूस व मळकट असेल तर फिल्टरमधून धूळ गेली असावी. हे पाहण्यापूर्वी हातोडा उचलणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

तत्पूर्वी आणखी एक साधी खात्री आवश्यक असते, ती म्हणजे खरोखर इंजिनच जाम आहे काय? कित्येकदा दोरीच्या स्टार्टरची स्प्रिंग गंजलेली असते किंवा क्लच चिकटलेला असतो. स्टार्टर व साखळी काढून फ्लायव्हील हाताने हलवून पाहिल्यास निष्कारण श्रम वाचतात.

मोकळे करण्याची रीत :

गंजाचा जाम असल्यास संयम हेच मुख्य साधन ठरते. प्लग काढून त्या छिद्रातून, तसेच एग्झॉस्टमधून, गंज सोडविणारे पातळ तेल सोडावे व यंत्र काही दिवस तसेच ठेवावे. त्यासाठी काही कारागीर गिअरचे स्वयंचलित तेल व ॲसिटोन समप्रमाणात मिसळून वापरतात. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने त्या वेळी विस्तव जवळ नसावा. रोज फ्लायव्हील दोन्ही दिशांना अगदी थोडे हलवून पाहावे. सिलिंडर बाहेरून गरम हवेने तापविल्यास तेल अधिक खोल झिरपते, मात्र ही ऊब देण्यापूर्वी ॲसिटोन पूर्ण उडून गेलेले असले पाहिजे. उघडी ज्योत टाळावी, कारण अनेक करवतींची क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूची असते. फ्लायव्हीलच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून जोर देण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने पिस्टन सुटण्याऐवजी फ्लायव्हीलची चावी कापली जाते किंवा पाती तुटतात.

एवढ्यानेही यश न आल्यास ग्रीसचा दाब वापरता येतो. प्लगच्या जागी जोडणी बसवून ग्रीसगनने सिलिंडर भरल्यास पिस्टन खाली ढकलला जातो. परंतु पिस्टन एग्झॉस्टच्या छिद्राच्या वर अडकलेला असेल तरच हे शक्य होते. छिद्र उघडे असल्यास ग्रीस तेथूनच बाहेर पडते. ग्रीसऐवजी हवेचा दाब कदापि वापरू नये. दाबलेली हवा ऊर्जा साठवते व पिस्टन एकाएकी सुटल्यास इजा करते. ग्रीस तसे करीत नाही.

सिलिंडरचा प्रश्न :

उष्णतेने जाम झालेल्या इंजिनात खरे कौशल्य पिस्टन सुटल्यानंतर लागते. भिंतीवरील ॲल्युमिनियम काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे न्हाणीघराच्या फरशा धुण्याच्या ॲसिडातील मुख्य घटक, लावण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. ॲल्युमिनियमबरोबर त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायूचे बुडबुडे येतात व थर विरघळतो. हा उपाय निकासिल लेपाच्या सिलिंडरसाठी ठीक आहे. निकासिल हा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये विकसित केला. त्यापूर्वीच्या करवतीत तो असणे शक्यच नाही. त्या क्रोमच्या असतात, आणि क्रोम हे आम्ल स्वतःच खाऊन टाकते! रसायनशास्त्राच्या दृष्टीने येथे कॉस्टिक सोडा अधिक योग्य, कारण तो ॲल्युमिनियम विरघळवितो पण क्रोमला धक्का लावत नाही. अर्थात जेथे क्रोम उडून खालचा ॲल्युमिनियम उघडा पडला आहे तेथे तो सिलिंडरच खाईल. म्हणून सिलिंडर सुटा करून, हातमोजे व चष्मा घालून, कापसाच्या बोळ्याने फक्त डागावरच थोडा द्रव लावणे व लगेच भरपूर पाण्याने धुणे इष्ट. लेप मोठ्या भागात सोलला गेला असेल तर कोणतेही रसायन उपयोगी पडत नाही. क्रोमच्या भिंतीत क्रोम चढविलेल्या रिंगा बसवू नयेत. बिडाच्या साध्या रिंगाच तेथे चालतात.

कारणाचा शोध :

यानंतर इंजिन जोडून सुरू करण्याची घाई होते. नेमकी हीच वेळ थांबण्याची असते. हवा कोठून शिरली, हे अद्याप शोधलेले नसते. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी सील कालांतराने कडक होतात. कार्ब्युरेटरखालचा गॅस्केट आकसतो. कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा ताठ होऊन इंधन पुरेसे उचलत नाही. जर्मनीत २०११ पासून दहा टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोल मिळू लागले असून जुन्या रबरासाठी ते विशेष अपायकारक ठरते.

तपासणीची रीत सोपी आहे. इनटेक व एग्झॉस्ट रबराच्या पट्टीने बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ०.५ बार दाब भरावा व साबणाच्या पाण्याने फुगे कोठे येतात ते पाहावे. तो दाब किमान वीस सेकंद टिकला पाहिजे. त्यानंतर तेवढीच निर्वात ओढ देऊन पुन्हा तपासावे. ही दुसरी चाचणी अनेक जण गाळतात. काही सील आतून दाब दिला असता दांड्यावर घट्ट बसतात, पण ओढ दिली की उघडतात; आणि इंजिन हवा चोरते ते ओढीच्याच वेळी.

तेलाच्या प्रमाणाबाबतही एक गैरसमज दिसतो. त्या काळी एका लिटर पेट्रोलास चाळीस मिलिलिटर तेल, म्हणजे १:२५ हे प्रमाण रूढ होते. आजच्या तेलांस १:५० पुरते. जुन्या यंत्रास अधिक तेल दिलेले बरे, हे खरे. तथापि तेल वाढले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल घटते व ते किंचित विरळ होते. म्हणून प्रमाण बदलल्यावर कार्ब्युरेटरचा स्क्रू पुन्हा जुळविणे अगत्याचे असते.

कोन्ट्रासारख्या यंत्रावर साखळी थांबविणारा ब्रेक नव्हता, हे पहिल्या चाचणीच्या वेळी ध्यानात ठेवावे व ती पाते आणि साखळी न लावताच घ्यावी. प्रथम मुख्य स्क्रू मुद्दाम थोडा अधिक उघडा ठेवावा, जेणेकरून पूर्ण वेगात आवाज किंचित अडखळता येईल. काही मिनिटांनी इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे व एग्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टन पुन्हा पाहावा. त्याचा पृष्ठभाग तेलकट व ओरखड्यांविना असेल तरच पाते व साखळी चढवावी.