आता बरा झाला ना, चला घरी!

माझा भाचा सहा वर्षांचा होता. सारखा ताप, चेहरा पांढराफटक, पायांवर निळसर डाग. ‘पडला असेल कुठंतरी’ म्हणत आम्ही दीड महिना घालवला. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा बहिणीला ‘कॅन्सर’ एवढाच शब्द ऐकू आला. पुढचं सगळं मी ऐकलं. लहान मुलांमधला हा रक्ताचा कॅन्सर बरा होऊ शकतो, पण औषध शेवटपर्यंत घ्यायचं, असं डॉक्टर सांगत होते.

चाळीसगावहून रेल्वेने दादर, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल. दाजींना शेत आणि म्हशी सोडून राहता येईना, म्हणून बहिणीसोबत मी गेले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. शेजारी बिहारची एक बाई होती, तिची मुलगी आमच्या बाळाएवढीच. मैत्रिणींनो, हॉस्पिटलात डॉक्टर सांगतात, पण आम्हाला शिकवलं ते तिनं. पाणी उकळूनच द्यायचं. गाडीवरची कापलेली फळं नाहीत. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेततो. थर्मामीटर उशाशी ठेवायचा आणि ताप दिसला की रात्र असो की पाऊस, हॉस्पिटल गाठायचं.

इकडे गावाकडून बहिणीच्या सासूबाईंनी सदाफुलीचा पाला वाळवून पाठवला. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. डॉक्टरीणबाई हसल्या. ‘विनक्रिस्टीन नावाचं जे इंजेक्शन त्याला देतोय ना, ते याच झाडापासून काढतात. पण ते मोजून, शुद्ध करून देतो. पाला उकळून पाजाल तर विष होईल.’ अंगणातलं ते फूल तेव्हापासून मला वेगळंच दिसतं.

महिन्याभरानं तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या. दाजी पेढे घेऊनच आले. ‘आता बरा झाला ना, चला घरी!’ त्यांचं तरी काय चुकलं? एक म्हैस विकली होती, घरी धाकटी लेक आईसाठी रडत होती. बहिणीनंही पिशवी भरायला घेतली. पेशी दिसत नाहीत म्हणजे संपल्या नाहीत, उपचार अजून दोन-अडीच वर्षांचा आहे, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. दाजी मान डोलवत होते, पण पिशवी तशीच भरलेली.

संध्याकाळी ती बिहारची बाई त्यांच्यासमोर येऊन बसली. ‘भैया, मैं ले गयी थी.’ तिनंही मुलीला असंच, बरी दिसली म्हणून नेलं होतं. वर्षानं दुखणं उलटलं, म्हणून ती पुन्हा आली होती. एवढं बोलून ती मुलीला भरवायला उठली.

दाजी रात्री उशिरापर्यंत जिन्यात बसून होते. सकाळी एकटेच गाडीला गेले. बहिणीनं पिशवीतले कपडे परत दोरीवर टाकले.

पुढे घरी राहून गोळ्या सुरू झाल्या, ठरल्या तारखेला मुंबईच्या फेऱ्या होत्याच. त्या बाईची मुलगी मात्र त्याच वर्षी गेली. आम्हाला वाटलं, आता ती कशाला फोन करेल! पण अडीच वर्षांनी, ज्या दिवशी बाळानं शेवटची गोळी घेतली, त्या दिवशी तिचा फोन आला. तारीख तिनं लक्षात ठेवली होती.

‘खा ली?’ तिनं विचारलं.

बहिणीच्या तोंडून शब्द फुटेना. फोन मी घेतला.