पिंजऱ्याबाहेरची मोरी

पिंजऱ्यात उभं राहून ग्रेट व्हाइट शार्क पाहायची हौस ज्या माणसाने जगाला लावली, त्याला आधी त्याच शार्कने फाडलं होतं. ऑस्ट्रेलियाचा रॉडनी फॉक्स ८ डिसेंबर १९६३ रोजी ॲल्डिंगाच्या समुद्रात भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत उतरला होता. शेकडो टाके पडले, पण माणूस जगला. काही वर्षांतच लोखंडी पिंजरा करवून घेऊन तो पुन्हा शार्कसमोर गेला. पुढे नेपच्यून बेटं, दक्षिण आफ्रिकेतलं गान्सबाय, मेक्सिकोचं ग्वादालूप बेट अशी ठिकाणं या पर्यटनावर उभी राहिली. ग्वादालूपचं पर्यटन २०२३ मध्ये सरकारने बंद केलं. गान्सबायला २०१७ पासून ओर्का देवमासे शार्क मारून त्यांची यकृतं खाऊ लागले आणि उरलेल्या शार्कनी तिथून काढता पाय घेतला. पार्श्वभूमी एवढी पुरे.

गोव्यात, पेडण्यातली मुलं मला विचारतात, "सर, आपल्याकडे असा पिंजरा का नाही?" कारण हा शार्क थंड पाण्यातला. साधारण १२ ते २४ अंश तापमान त्याला मानवतं, आणि सीलच्या वसाहती जवळ असल्या की तो तिथे रेंगाळतो. केरी-हरमलचं पाणी वर्षाचा बराच काळ २७-२८ अंशांच्या वर असतं आणि सील तर इथे नाहीतच. पण हिंदी महासागर त्याला परका नाही. २००३ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेत 'निकोल' नावाच्या मादीच्या पंखावर उपग्रह-यंत्र बसवलं. ती ९९ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पोहोचली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये परत गान्सबायला दिसली. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरांहून जास्त! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

तरीही माझा जीव जडला आहे तो आपल्या मोरीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हातभर शार्कवर. स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. फावड्यासारखं चपटं तोंड, वर राखाडी, खाली पांढरी. ई. एम. थिल्लैयमपालम यांनी १९२८ मध्ये या माशाच्या शरीररचनेवर एक पुस्तक लिहिलं आणि पुढे देशभरातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हीच मोरी उघडली. मीही उघडली. मेंदूपासून निघणाऱ्या नसा चिमट्याने मोकळ्या करताना फॉर्मलिनने डोळे चुरचुरायचे, पण मान वर करावीशी वाटायची नाही.

खरं नवल तिच्या गर्भाशयात आहे. शार्कची अंडी पिवळ्या बलकाने भरलेली, चांगली मोठी असतात. हिचं अंडं मात्र जेमतेम एक मिलिमीटरचं, जवळजवळ बलकाविना. म्हणून गर्भ अगदी इवलासा असतानाच आईला चिकटतो. वार तयार होते, नाळ तयार होते, आणि पाच-सहा महिने आईच्या रक्तातून त्याचं पोषण चालतं. एका खेपेला सहा ते अठरा पिल्लं, प्रत्येक १२-१५ सेंटिमीटरचं. सस्तन प्राण्यांची म्हणून आपण मिरवतो ती सोय या माशाने स्वतंत्रपणे साधली आहे. गान्सबायच्या पिंजऱ्यातून दिसणाऱ्या कुठल्याही जबड्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

आणि हे सगळं किनाऱ्याला लागून, उथळ गढूळ पाण्यात चालतं. पिंजरा टाकला तरी हातभर अंतरावरचं दिसणार नाही. मोरी पाहायची तर पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढतात तिथे जावं, नाहीतर बाजारात.

डिचोलीला समुद्र नाही, पण मोरीचं आंबट-तीक तिथेही तितक्याच प्रेमाने होतं. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकावं म्हणून शार्क रक्तात आणि मांसात युरिया साठवतो. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. मासा जितका शिळा, तितका वास उग्र. चिंचेचं आम्ल नेमका तोच अमोनिया मारतं. आमच्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता या माशासाठी हेच कालवण ठरवलं, याचा मला अभिमान आहे.

धोक्याचं विचाराल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत बुल शार्कने एका तरुणाचा पाय फाडला. असं क्वचित घडतं. उलट दिशेचा धोका रोजचा आहे. स्कोलिओडॉन आज 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात आहे. देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने आणखी शार्क-पाकटांना ते कवच मिळालं. गोव्यातल्या गिटारमाशांबद्दल त्रिशा गुप्ता, दिव्या कर्नाड आणि सहकाऱ्यांनी मच्छीमारांकडूनच माहिती गोळा केली. त्यांचा निबंध २०२३ मध्ये आला. मला ती पद्धत फार पटते, कारण पिल्लं कुठे आणि कधी येतात हे रापणकारांइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

रापणीतला मासा पुष्कळदा जिवंत वाळूवर येतो, पाणी चार पावलांवर असतं. मोरजीच्या टेंबवाड्यावर गावकऱ्यांनी आणि वनखात्याने कासवांच्या अंड्यांची राखण करून दाखवली आहे. त्याच किनाऱ्यावर रापणीतली पिल्लं वेचून परत सोडण्याची रीत पडावी, आणि सोडलेल्या पिल्लांची नोंद पेडण्याच्या शाळकरी मुलांनी ठेवावी, एवढी माझी मागणी आहे. वह्या मी द्यायला तयार आहे.