मूळ आज्ञावलीपासून स्मार्टफोनचे फर्मवेअर : संगणकाची पूर्वतयारी आणि महाविद्यालयांपुढील वाट

सारांश :
अँड्रॉइड या कार्यप्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. मात्र तिच्यापासून फर्मवेअर तयार करू शकेल असा संगणक सर्वांपाशी नाही. प्रस्तुत लेखात अशा संगणकाच्या पूर्वतयारीचे टप्पे, त्यामागील कारणे आणि सामान्य महाविद्यालयाला झेपेल असा मार्ग यांचे विवेचन केले आहे.

सूचक शब्द : अँड्रॉइड, मूळ आज्ञावली, फर्मवेअर, लिनक्स, मुक्त परवाना

प्रस्तावना :
आज महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात स्मार्टफोन असतो. तो वापरण्यात विद्यार्थी शिक्षकांपेक्षा तरबेज असतात. परंतु त्याच्या आत काय चालते याविषयी दोघेही बव्हंशी अनभिज्ञ असतात. संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात कार्यप्रणाली हा विषय शिकवला जातो, पण एखादी कार्यप्रणाली स्वतः उभी करून पाहण्याचा अनुभव क्वचितच मिळतो. दुसरे असे की, उत्पादकाने सुरक्षा-अद्यतने देणे थांबवले की सुस्थितीतील फोनही असुरक्षित ठरून अडगळीत जातो. डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेला लिनेजओएससारखा स्वयंसेवी प्रकल्प अशा अनेक फोनसाठी नवे फर्मवेअर पुरवतो, ते मूळ आज्ञावलीपासून बांधूनच. म्हणून हा विषय अध्यापकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :
१. फर्मवेअरच्या बांधणीची संकल्पना स्पष्ट करणे.
२. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री व साधने यांची माहिती देणे.
३. मर्यादित साधने असलेल्या महाविद्यालयांसाठी व्यवहार्य मार्ग सुचवणे.

संकल्पना :
मूळ आज्ञावली, म्हणजेच सोर्स कोड, हा माणसाला वाचता येईल अशा संगणकीय भाषांत लिहिलेला मजकूर होय. अँड्रॉइडमध्ये प्रामुख्याने सी, सी प्लस प्लस, जावा, कोटलिन आणि अलीकडे रस्ट या भाषा आढळतात. कंपायलर या मजकुराचे प्रोसेसरला कळणाऱ्या यंत्रभाषेत रूपांतर करतो. असंख्य फाइलींचे असे रूपांतर करून, त्या परस्परांशी जोडून, फोनमध्ये भरता येतील अशा इमेज फाइली तयार करणे म्हणजे फर्मवेअरची बांधणी. येथे संगणकाचा प्रोसेसर एक्स८६ प्रकारचा, तर फोनचा बहुधा आर्म प्रकारचा असतो. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी काम करून घ्यायचे असते.

गूगलने अँड्रॉइड ही कंपनी २००५ मध्ये विकत घेतली, नोव्हेंबर २००७ मध्ये या कार्यप्रणालीची घोषणा केली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिची मूळ आज्ञावली खुली केली. तिचा बराचसा भाग अपाचे २.० या परवान्याखाली, तर गाभा असलेला लिनक्स कर्नेल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. दुसऱ्या परवान्यामुळे फोनसोबत दिलेल्या कर्नेलची मूळ आज्ञावली मागणाऱ्यास देणे उत्पादकावर बंधनकारक ठरते.

यंत्रसामग्री :
अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनानुसार ६४ बिटचा एक्स८६ संगणक, किमान ६४ गीगाबाइट रॅम आणि किमान ४०० गीगाबाइट मोकळी डिस्क अपेक्षित आहे. यांपैकी २५० गीगाबाइट मूळ आज्ञावली ठेवण्यास व १५० गीगाबाइट बांधणीस लागतात. गूगलच्या ७२ गाभ्यांच्या यंत्रावर संपूर्ण बांधणीस सुमारे ४० मिनिटे लागतात. ६ गाभ्यांच्या यंत्रावर तेच काम सुमारे ६ तास चालते.

प्रोसेसर संथ असेल तर केवळ वेळ जास्त लागतो. रॅम अपुरी असेल तर मात्र काम तडीस जात नाही. प्रस्तुत लेखकाने विभागातील ८ गीगाबाइट रॅमच्या संगणकावर केलेला पहिला प्रयत्न रात्रभर चालून पहाटे थांबला. पडद्यावर प्रक्रिया बंद पडल्याची एक त्रोटक ओळ तेवढी होती. आज्ञावलीतील चूक शोधण्यात दोन दिवस गेले. वस्तुतः रॅम संपल्यामुळे लिनक्सने स्वतःच ती प्रक्रिया बंद केली होती. अशा वेळी डिस्कचा काही भाग स्वॅप म्हणून राखणे आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या कमी करणे हे दोन उपाय आहेत. त्यांनी वेग घटतो, पण अडखळलेले काम पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

कार्यप्रणाली व साधने :
या कामासाठी उबुंटूसारखी ६४ बिटची लिनक्स प्रणाली हवी. विंडोजवर ही बांधणी अधिकृतपणे करता येत नाही. मॅकचा आधारही २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. फाइलींच्या नावांतील लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानणारी डिस्क-रचना आवश्यक असते, अन्यथा एक फाइल दुसरीवर लिहिली जाते. गिट, कर्ल, झिप, फ्लेक्स, बायसन इत्यादी साधने एका आज्ञेत बसवता येतात. कंपायलर व जावाची योग्य आवृत्ती मूळ आज्ञावलीसोबतच येते, त्यामुळे ती वेगळी बसवावी लागत नाही.

आज्ञावली उतरवणे व बांधणी :
अँड्रॉइडची आज्ञावली शेकडो स्वतंत्र गिट भांडारांत विभागलेली आहे. त्यांना एकत्र हाताळणारे साधन म्हणजे रेपो. 'रेपो इनिट' या आज्ञेने कोणती शाखा हवी ते ठरते, तर 'रेपो सिंक'ने प्रत्यक्ष फाइली उतरतात. पूर्ण इतिहासाऐवजी केवळ शेवटची अवस्था मागितल्यास पुष्कळ बचत होते. तरीही १०० गीगाबाइट उतरवायचे झाल्यास सेकंदाला १० मेगाबिटच्या जोडणीवर सुमारे २२ तास लागतील.

त्यानंतर चार पायऱ्या उरतात : बांधणीचे वातावरण सिद्ध करणारी फाइल चालवणे, 'लंच' या आज्ञेने कोणत्या उपकरणासाठी बांधणी करायची ते सांगणे, 'एम' या आज्ञेने काम सुरू करणे आणि तयार झालेल्या इमेज फाइली तपासणे. मध्येच वीज गेल्यास आधी पूर्ण झालेला बहुतेक भाग पुन्हा करावा लागत नाही, हे आपल्याकडील परिस्थितीत विशेष उपयुक्त आहे.

मर्यादा :
खुली आज्ञावली म्हणजे संपूर्ण फोन नव्हे. मोडेम, कॅमेरा, ग्राफिक्स यांचे बरेच भाग उत्पादक केवळ यंत्रभाषेतच देतात. त्यांच्याविना बांधलेले फर्मवेअर अपुरे राहते. फोनचा बूटलोडर उघडताना त्यातील सर्व माहिती पुसली जाते, काही उत्पादक तो उघडूच देत नाहीत आणि उघडल्यावर बँकांची काही ॲप्स चालत नाहीत. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडचे सर्व विकासकार्य अंतर्गत शाखांत नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून मुख्य शाखेऐवजी 'अँड्रॉइड-लेटेस्ट-रिलीज' ही शाखा वापरण्याची शिफारस आहे. जून २०२५ मधील अँड्रॉइड १६ च्या आज्ञावलीसोबत पिक्सेल फोनच्या उपकरण-विशिष्ट फाइलीही दिल्या गेल्या नाहीत.

महाविद्यालयांसाठी सूचना :
१. आरंभ संपूर्ण अँड्रॉइडने न करता लिनक्स कर्नेलच्या बांधणीने करावा. ती प्रयोगशाळेतील साध्या संगणकावरही होते आणि कंपायलरचे कार्य तेवढ्याने स्पष्ट होते.
२. परिसरातील महाविद्यालयांनी मिळून एक सक्षम यंत्र घ्यावे. रेपोच्या 'मिरर' सुविधेने आज्ञावली एकदाच उतरवून ती बाह्य डिस्कवरून इतरांना देता येते.
३. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनवर प्रयोग करू नयेत. कटलफिश हे आभासी उपकरण वापरल्यास फोन बिघडण्याचा वा माहिती गमावण्याचा धोका राहत नाही.

निष्कर्ष :
परवान्याने दिलेला अधिकार आणि तो बजावण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वरील विवेचनावरून दिसून येते. मूळ आज्ञावली विनामूल्य असली, तरी रॅम, डिस्क, वीज व इंटरनेट यांना मूल्य पडते. परिणामी ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी या खुलेपणाबाहेरच राहतो. हे अंतर एकट्या विद्यार्थ्याला पार करता येणार नाही; ते कमी करणे संस्थांच्या आवाक्यातील आहे. आपल्या हातातील यंत्रात काय चालते हे विद्यार्थ्याला एकदा तरी वाचता, बदलता आणि पुन्हा चालवून पाहता यावे, एवढी अपेक्षा उच्च शिक्षणाकडून ठेवणे रास्त ठरेल.